चिंचा कुणी तोडल्या

आमच्या बांधावरच्या पाच चिंचा धुळाजीनं तोडल्या, असं गावानं ठरवलं आणि ठाण्यातही तसंच ठरलं. मला विचाराल तर धुळाजीनं फक्त कटर चालवलं. पण मला विचारतो कोण? मी आसारामाची सून, मनिषा, दहावी पास, तोंडाळ. गावात माझी ओळख एवढीच आहे, आणि त्यातलं शेवटचं लोक सगळ्यात आधी सांगतात.

आमचं शेत दोन एकर, नेकनूरकडून येणाऱ्या रस्त्याच्या आत, माळाच्या उताराला. शेजारी सुंदररावांची जमीन. ती किती आहे हे मला माहीत नाही. आमचा बांध संपला की त्यांचं सुरू होतं आणि पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांचंच दिसतं. मधल्या बांधाला लागून, आमच्या बाजूला, माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेल्या पाच चिंचा होत्या. दोघांनी हातात हात धरले तरी कवेत येणार नाहीत अशा. भर उन्हात त्यांच्याखाली गेलं की अंगावरचा घाम गार पडायचा.

दर साल दिवाळी झाली की मी, माझा नवरा रामेश्वर आणि सासरे बैलगाडी घेऊन कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातो. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला, भिवराबाईला, आत्या. मामांना आता कोयता झेपत नाही, ते बैलं बघतात. आत्या मात्र मागच्या काही वर्षांपासून घरीच राहायची आणि तिच्याजवळ माझी पोरगी शिवकन्या. राहायच्या त्या चिंचांच्या जिवावर. थंडीत झाडं राखायची, माकडं हाकलायची, शिमग्याच्या सुमाराला चिंचा झोडायच्या आणि मग चैत्र सरेपर्यंत अंगणात बसून फोडायच्या. दुकानदार चिंचेच्या भरवशावर उधार द्यायचा, आणि आम्ही परत येईपर्यंत दोघींचं त्यावर भागायचं.

शिवकन्या आठवीत होती. तिच्या वर्गातल्या पुष्कळ पोरी दिवाळीनंतर आईबापाच्या गाडीत बसायच्या आणि गुढीपाडव्यानंतर परत यायच्या. असं एकदोन वर्षं झालं की मास्तर त्यांची नावं घ्यायचं सोडून द्यायचे आणि घरचे स्थळ बघायला लागायचे. माझंही असंच झालं. दहावीची परीक्षा दिली आणि निकाल लागायच्या आधी अंगाला हळद लागली. शिवकन्येचं असं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं ठरवली होती. ती त्या पाच झाडांवर उभी होती.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी आम्ही फडातून कोपीवर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीवर आलो आणि रामेश्वरचा फोन वाजला. शिवकन्या होती.

"आई, चिंचा न्हाईत."

मला वाटलं, कुणी कच्च्याच झोडून नेल्या. "किती नेल्या?" मी विचारलं.

"चिंचा न्हाई गं. झाडंच न्हाईत."

आत्या आणि ती संकष्टीला लिंबागणेशला दर्शनाला गेल्या होत्या. सकाळी निघताना झाडं होती. सुंदररावांच्या वावरात कडुलिंबं आणि बाभळी तोडायचं काम दोन दिवसांपासून चालूच होतं, त्यामुळं कटरचा आवाज ऐकून आत्याला काही वेगळं वाटलं नाही. उलट आदल्या दिवशी तिनं त्या मजुरांना प्यायला पाणी नेऊन दिलं होतं. संध्याकाळी फाट्यावर एसटीतून उतरून दोघी पांदीनं घराकडं वळल्या, तर समोर नुसतं आभाळ.

मी आणि मामा गावाकडं निघालो. मुकादम म्हणाला, "तोडली तर तोडली. आता जाऊन उभी करनार हायस का?" आमच्यात एक दिवस काम बुडालं की खाडा लागतो, म्हणजे कामही जातं आणि वर दंडही बसतो. मी म्हटलं, लाव खाडा. रामेश्वरला बैलांपाशी राहावं लागलं.

वावरात जाऊन बघितलं तर झाडं सोडाच, बुंधेसुद्धा नव्हते. जेसीबी लावून मुळासकट उपटून काढले होते आणि खड्डे बुजवले होते. बांध सपाट झाला होता. बांधाच्या कडेचे जुने दगडही कुठं दिसेनात. कुठं आमचं संपतं आणि कुठं त्यांचं सुरू होतं, हे मी पंधरा वर्षं नांदून रोज बघितलेलं, पण त्या दिवशी मला बोट ठेवून दाखवता येईना. मामा इकडून तिकडं चालत राहिले. मग एका जागी थांबून म्हणाले, "ही दुसरी व्हती." थोड्या वेळानं तिथून सरकले आणि म्हणाले, "न्हाई, ही."

आत्या बांधावर आलीच नाही. घरी भिंतीला टेकून बसली होती. "म्या गेले नसते तर आडवी पडले असते," एवढंच ती परत परत म्हणत होती. मी तिला म्हटलं, आत्या, तुम्ही देवाला गेलात, चोरी करायला गेला नव्हतात. पण तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

आधी गेलो सुंदररावांकडं. ते स्वतः आता फारसं बोलत नाहीत, कारभार थोरला मुलगा विजयसिंह बघतो. विजयसिंह माझ्या नवऱ्याच्या वयाचा. ही दोघं लहानपणी त्याच चिंचांवर चढून गाभुळलेल्या चिंचा खायची, हे मला रामेश्वरनंच सांगितलेलं आहे. विजयसिंहनं आम्हाला खुर्च्या दिल्या. त्याच्या आईनं, केशरबाईंनी, स्वतः चहा आणून दिला. इतक्या आदरानं आम्हाला त्या ओसरीवर कधी कुणी बसवलं नव्हतं. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

"वहिनी, मला लई वाईट वाटलं," विजयसिंह म्हणाला. "पण मी माझी झाडं विकली. लिंब आणि बाभळी. ठेकेदारानं त्यात आणखी कोणती तोडली, त्याला मी काय करणार? तुम्ही त्याच्याकडं जा. प्रविण चांगला माणूस आहे."

"आणि जेसीबी?" मी विचारलं.

"तो मी लावला. बुंधे मोकळे पडले होते, म्हटलं साफ करून टाकावं. आपल्या नव्या गोठ्याला तिकडून रस्ता न्यायचाय ना."

"रस्ता कुनाच्या वावरातून?"

"आपल्याच," तो हसून म्हणाला. "वहिनी, चहा घ्या, निवतोय."

मामांनी बशीत ओतून चहा पिऊन टाकला. मी कपाला हात लावला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

प्रविण ठेकेदाराची वखार रस्त्याला लागून होती. आमच्या चिंचा तिथंच पडल्या होत्या, ओंडके करून. मामा आत गेले आणि एका ओंडक्यावर हात ठेवून उभे राहिले. चिंचेचं लाकूड आतून काळपट तांबडं असतं. बाहेरच्या सालीवर अजून पांढरा चुन्याचा पट्टा होता.

प्रविण खुर्चीतून न उठता म्हणाला, "ताई, माझा काय संबंध? मी झाडं घेतो आणि तोडायचं काम उक्तं देतो. उक्तं म्हंजे कळतं ना? हजेरी न्हाई, रोज न्हाई. ज्यानं काम घेतलं त्यानं बघायचं काय तोडायचं आन् काय न्हाई. धुळाजीला दिलतं मी. चुकला आसंल तर धुळाजी चुकला."

"त्याला झाडं दाखवली कुनी?"

"दाखवायची काय त्यात? मालकानं ज्याला चुना लावलाय ती तोडायची. सगळीकडं आसंच असतंय. त्यानं चुना बघितला, तोडली." मग तो खुर्चीत पुढं सरकला. "मला एक सांगा काका, तुमच्या झाडांना चुना कुनी लावलता?"

मामांनी ओंडक्यावरचा हात काढला. "म्याच," ते म्हणाले. "दरसाल लावतो. चुना आन् मोरचूद. वाळवी लागू नये म्हनून."

"मग झालं की! तुमीच चुना लावून ठेवनार आन् वर आमालाच इचारनार!"

त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. आमच्या भागात ज्याला त्याला माहीत आहे की ऊसतोडीला जायच्या आधी माणूस आपल्या झाडांना चुना लावून जातो. मागं कुणी बघणारं नसतं, म्हणून झाडाला तेवढं एक करून जायचं. परगावात जन्मलेल्यालाही ते कळतं. विजयसिंहला तर कळतंच कळतं. त्यानं आपल्या लिंबांना चुन्याचे पट्टे मारले ते आम्ही निघून गेल्यावर. आमच्या पाच झाडांवरचा पट्टा त्याला दिसत होता आणि ठेकेदाराला त्यानं सांगितलं, चुना लावलेली सगळी. हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण माझी खात्री आहे. आम्ही आयुष्यभर फडात कुणीतरी बोट दाखवलेलं तोडत आलोय. बोट दाखवणारा कधी सापडत नाही, हे मला शिकवायला कुणी नको.

वाटेत मामा एकच बोलले, "आवंदा चुना लावायला नगं व्हता." माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी सासू म्हणते मी देवाला गेले म्हणून झालं, सासरा म्हणतो मी चुना लावला म्हणून झालं. ज्यांची झाडं गेली तेच वाटून वाटून दोष घेत होते, आणि ज्यांनी नेली त्यांच्या वाटणीला काहीच उरत नव्हतं.

मी आप्पा सरपंचाकडं गेले आणि सांगितलं, गाव बसवा, नाहीतर मी ठाण्यात जाते. आप्पा भला माणूस, म्हणजे कुणालाच वाईट म्हणत नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली.

सगळे आले. सुंदरराव काठी टेकत आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. विजयसिंह त्यांच्यामागं उभा राहिला. प्रविण गाडीतून उतरला आणि त्याच्यामागून धुळाजी. मी धुळाजीला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं होतं, दांडगा कुणीतरी असेल. हा मामांच्याच वयाचा, हाडकुळा, पायात टायरच्या चपला, गळ्यात तुळशीची माळ. माळ मामांच्याही गळ्यात आहे. दोघं माळकरी. मी त्या माळांकडं दुर्लक्ष केलं. तिथंच मी कमी पडले.

प्रविणनं वखारीत सांगितलं होतं तेच सांगितलं. विजयसिंहनं ओसरीवर सांगितलं होतं तेच सांगितलं. आप्पा मान हलवत होता. मग मी उभी राहिले. बायांनी पारावर बोलायची पद्धत नाही, पण मी बोलले. मी सरळ धुळाजीपुढं जाऊन उभी राहिले.

"काका, खरं सांगा. तुमी झाडं तोडायला आलात तवा ह्या पाच झाडांकडं बोट कुनी केलं?"

धुळाजी पायाकडं बघत होता. "चुना बघून तोडली, बाई."

"चुना तर चुना. पन झाडं बांधाच्या हिकडं व्हती. तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

"आलतं," तो म्हणाला. "म्या इचारलंबी. म्हनलं, ही बांधाच्या पल्याड दिसत्यात, ही कुनाची हायेत. तवा..."

"धुळाजी," प्रविण म्हणाला. आवाज चढवला नाही, नुसतं नाव घेतलं.

धुळाजी थांबला. त्याचा लेक, सून, सगळं घर प्रविणच्या कामावर होतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हासुद्धा त्याच्या तोंडाकडं बघून कळत होतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. अजून एक शब्द पुढं आला असता तर बोट कुणी दाखवलं ते साऱ्या गावापुढं आलं असतं. मी म्हटलं, "बोला काका. तवा काय?"

"तवा काय न्हाई," तो म्हणाला. "मपलीच चूक झाली."

सुंदररावांनी काठी जमिनीवर आपटली. इतका वेळ त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. "चूक झाली म्हनतोस ना? मग त्याच्या पाया पड. आसाराम मोठ्या मनाचा हाय."

धुळाजी उठला. मामा पाराच्या कडेला बसले होते. धुळाजी त्यांच्यापुढं गेला, खाली वाकला आणि त्यानं मामांच्या पायावर डोकं ठेवलं.

आणि मामा वाकले.

ज्याला माहीत नाही त्याला सांगते. माळकरी माळकऱ्याच्या पाया पडतो. एक जण पाया पडला की दुसऱ्यानं तसंच पडायचं. त्यात वय नाही, जात नाही, चूक-बरोबर नाही. गळ्यात माळ दिसली आणि समोरचा वाकला, की आपण वाकायचं. मामांनी हे आयुष्यभर केलंय, बाजारात, एसटी स्टँडवर, कुठंही. त्यांनी विचारच केला नाही. धुळाजी उठतो न उठतो तोच ते पारावरून खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनीही धुळाजीच्या पायावर डोकं टेकलं.

प्रविणचा फोन हातात तयारच होता. तो ह्या सगळ्याचा व्हिडिओ काढत होता.

"झालं!" सुंदरराव म्हणाले. "दोघांनीबी आपापली चूक पदरात घेतली. ह्यानं झाडं तोडली, त्यानं चुना लावला. आता कुनाच्या मनात काय राहिलं न्हाई."

"मिटलं," आप्पा म्हणाला.

"मिटलं कसं?" मी ओरडले. "त्यांनी माफी न्हाई मागितली! माळकरी हायेत ते! तुमाला समद्यांला ठाऊक हाय!"

समद्यांला ठाऊक होतंच. पारावर निम्म्या लोकांच्या गळ्यात माळ होती. त्यातला एकही बोलला नाही. कुणी धोतर झटकत उठला, कुणी तंबाखूची पुडी काढली. विजयसिंह माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्या माणसांनी मिटवलंय. आता तुम्ही ताणू नका."

घराच्या उंबऱ्यात आल्यावर मला राहवलं नाही.

"मामा, तुमी कावून वाकलात?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काय विचारते हेच त्यांना कळलं नाही. "माळ हाय की गं त्याच्या गळ्यात," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं असावं. ते ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि कोणता जास्त होता हे मला अजूनही सांगता येत नाही.

मी हरणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन ठाण्यात गेले. हवालदारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग खिशातून फोन काढला. आमच्या आधी व्हिडिओ तिथं पोचला होता. त्यानं तो आमच्यापुढं धरला.

"हे कोन?"

"माझे सासरे."

"काय करायलेत?"

मी सांगितलं, माळकरी असतात, त्यांच्यात रीत असते. तो हसला नाही, वाईटही बोलला नाही. म्हणाला, "ताई, मला कळतंय. माझे वडीलबी माळकरी हायेत. पन उद्या कोर्टात हे लावलं तर साहेबाला काय दिसंल? सासराच पाया पडायलाय. आता तक्रार लिहायची तर कोनावर लिहू? विजयसिंहांनी तोडली न्हाई. ठेकेदार जाग्यावर नव्हता. तोडली धुळाजीनं, आन् तो पारावर कबूल झालाय. लिहू त्याचं नाव?"

"आन् झाडं आमच्या हद्दीत व्हती ते?"

"ते मोजनीत ठरंल. झाडं कुठं उभी व्हती ते दाखवता येईल का तुमाला?"

मी मामांकडं बघितलं. मामा जमिनीकडं बघत होते.

"लिहू का धुळाजीचं नाव?" त्यानं परत विचारलं.

मी लिहा म्हणणार होते. खोटं कशाला बोलू? कुणाचं तरी नाव कागदावर यावं, एवढंच मला तेव्हा हवं होतं. त्याची सून, त्याची नातवंडं मला त्या घडीला दिसली नाहीत. पण मामा म्हणाले, "नगं." आणि उठून उभे राहिले. "त्याला आत घातल्यावर मपली झाडं येनार हायेत का? त्यानं इचारलं तरी व्हतं, कुनाची हायेत म्हनून." आणि ते चालायला लागले. मी मागून गेले.

आठ-पंधरा दिवसांनी विजयसिंहनं चिंचेची पाच रोपं पाठवली, जाळ्यांसकट. आप्पा आला, प्रविण आला, त्यांनी स्वतःच्या हातानं खड्ड्यात रोपं लावली आणि फोटो काढले. तोवर मी आणि मामा परत फडावर गेलो होतो. शिवकन्येनं फोनवर सांगितलं, "आई, रोपं आपल्या ज्वारीत लावली." झाडं पूर्वी होती तिथून सुंदररावांच्या गोठ्याचा रस्ता गेला होता. रोपं त्या रस्त्याच्या अलीकडं, आमच्या ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, मोडून लावली होती. म्हणजे आता बांध तिथं. मी म्हटलं, उपटून टाक. तिनं टाकली नाही. शाळेत झाडं लावा म्हणून शिकवलेलं, तिला ते जमलं नाही.

त्या साली अंगणात चिंच फोडायला काहीच नव्हतं. आत्या बाकीच्या बायांच्या अंगणात जाऊन फोडत होती, पण दुसऱ्याच्या चिंचेवर दोन माणसं किती दिवस काढणार? आम्ही पाडव्याला परत आलो तेव्हा घरातली कणगी रिकामी होती. आत्यानं मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

"आवंदा म्याबी येते फडावर. हितं बसून काय राखू?"

"आन् शिवकन्या?"

आत्यानं रिकाम्या कणगीवर झाकण ठेवलं. शाळेत हंगामी वसतिगृह निघणार असं मास्तर दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी ते निघायचं नाही. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवता येत नाही. त्या पावसाळ्यात घाटनांदूरकडचं एक स्थळ सांगून आलं. पोरगा ट्रॅक्टर चालवतो म्हणे. आत्याला पसंत होतं, रामेश्वरही गप्प बसला, म्हणजे त्याचं निम्मं हो होतं. मी त्या पाहुण्यांपुढं उभी राहून सांगितलं, पोरगी द्यायची नाही, ती शिकणार आहे. पाहुणे म्हणाले, कुठं शिकणार? मी नुसतं नाही म्हटलं, आणि ते उठून गेले. ते एकच मी जिंकले.

दिवाळी झाल्यावर शिवकन्या आमच्याबरोबर गाडीत बसली. दप्तर घेतलं होतं तिनं. मास्तरांनी सांगितलं होतं, पुस्तकं ने, परीक्षेपुरती ये, मी बघतो. मी मनात म्हटलं, एक साल. पुढल्या साली काहीतरी करू. काय करू ते मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी पहाटे फडात गेलो. धुकं होतं, पाचटावर दव पडलेलं. मी तोडत होते आणि शिवकन्या मागून मोळ्या बांधत होती. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. दोन-तीन मोळ्या सुटल्या. मग तिनं उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, पीळ कसा द्यायचा ते शेजारच्या बाईकडं बघून घेतलं आणि हात चालायला लागले. उन्हं वर येईपर्यंत तिनं माझं तोडणं गाठलं. मुकादम फडातून फिरत फिरत आमच्याजवळ आला आणि उभा राहून बघू लागला.

"रामेश्वर," तो म्हणाला, "पोरीचा हात लई चालतो की बे. पुढल्या साली हिला कोयता दे."

रामेश्वर हसला. शिवकन्येनं मान वर केली. तिच्या गालावर पाचटाचा ओरखडा होता आणि ती खूश झाली होती. सगळ्यांपुढं कुणीतरी तिला चांगलं म्हटलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडू ते कळेना.

"आई, ऐकलंस का?" तिनं विचारलं.

"ऐकलं," मी म्हटलं. "हात सांभाळ, पात कापती." आणि मी पुढची सरी धरली.